दुहेरी मोटार कीं विजेची मोटार?

१ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगराकडे सरकारी एस.टी.ची पहिली मोटार निघाली. आणि बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनीं, १ जून २०२२ रोजीं, त्याच दोन शहरांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली विजेची मोटार, 'शिवाई', धांवूं लागली. मधल्या काळांत रस्ता रुंद झाला, जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, आणि ज्यांस पूर्वीं एस.टी.च्या वेळापत्रकाप्रमाणें आपलीं कामें बेतावीं लागत त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या दारांत स्वतःची गाडी उभी राहिली. या दोन्ही घटनांचा मान आमच्या जिल्ह्याला मिळाला याचा आम्हांस अभिमान वाटतो हें कबूल केलें पाहिजे. परंतु हा लेख लिहिण्यास कारण झाली ती मात्र एका शेजाऱ्यांची अडचण.

हे आमचे स्नेही श्रीरामपुरांतील एक सुखवस्तु परंतु अत्यंत हिशेबी गृहस्थ आहेत. घरांत वृद्ध मातुःश्री, पत्नी आणि पुण्यास शिकणारी मुलगी. मातुःश्रींस हृदयविकार असल्यामुळें महिन्यांतून एकदां त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यावें लागतें. जुनी पेट्रोलची मोटार बारा वर्षांची झाली. आतां मोठी, उंच बैठकीची, जिला हल्लीं सर्वत्र एस.यू.व्ही. म्हणतात तशी गाडी घ्यावी असें ठरलें. इंग्लंडांत असलेल्या धाकट्या बंधूंनीं कळविलें कीं, घ्याल तर 'प्लग-इन हायब्रिड' घ्या. म्हणजे जींत इंजिनहि आहे आणि घरच्या विजेवर भरणारी बॅटरीहि आहे अशी दुहेरी गाडी. पुण्यांतील कन्या म्हणते, पेट्रोलचा संबंधच नको, संपूर्ण विजेची घ्या. स्नेही आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासाचे. असा पेंच पूर्वीं कधीं कुणाला पडला होता का, तेवढं सांगा. पुढचं माझं मी बघतो."

पेंच पूर्वीं पडला होता, आणि तोहि सव्वाशे वर्षांपूर्वीं. विजेची मोटार ही कालपरवांची वस्तु आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. १९०० सालीं अमेरिकेंत ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८९९ च्या एप्रिलांत, कामीय जेनात्सी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली ती विजेच्या मोटारींतूनच. तीस आवाज नव्हता, धूर नव्हता, आणि ती चालू करण्यासाठीं पुढें उभें राहून लोखंडी दांडा फिरविण्याचे कष्ट नव्हते. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा ही पतीच्या कारखान्यांतील गाडी सोडून डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी वापरीत असे, हें वाचून कोणाहि गृहस्थास आपल्या घरची आठवण व्हावी.

मग ही गाडी मागें कां पडली? यंत्र वाईट म्हणून नव्हे. गांवाबाहेर वीजच नव्हती आणि बॅटरी लवकर संपे, हें पहिलें कारण. पेट्रोल स्वस्त झालें, रस्ते लांबवर गेले आणि फोर्डनें आपली मोटार सामान्य माणसाच्या आंवाक्यांत आणली, हें दुसरें. तिसऱ्यांत मात्र इतिहासानें थोडा विनोद केला आहे. चार्ल्स केटरिंग यानें शोधलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसला आणि दांडा फिरविण्याचा त्रास संपला. म्हणजे विजेच्या मोटारीचा जो एक मोठा गुण होता तो बॅटरीनेंच पेट्रोलच्या मोटारीस दान करून टाकला.

आतां दुहेरी गाडीकडे वळूं. तीहि तितकीच जुनी आहे. फर्डिनंड पोर्शे हा पंचवीस वर्षांचा असतांना व्हिएन्नाच्या लोनर कंपनींत कामास होता. त्यानें १९०० सालीं एक गाडी केली, जींत पेट्रोलचें इंजिन केवळ वीज उत्पन्न करी आणि चाकें विजेच्या मोटरींनीं फिरत. तिचें नांव त्यानें 'सेम्पर व्हिव्हस', म्हणजे सदैव जिवंत, असें ठेविलें. नांवावरूनच दिसतें कीं, वाटेंत बॅटरी मरेल हें भय तेव्हांहि होतें. पुढें १९१६ च्या सुमारास शिकागोच्या वुड्स कंपनीनें इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणारी 'ड्युअल पॉवर' गाडी विकावयास काढली. ती चालली नाहीं. विजेची गाडी घेणारास ती महाग वाटली, पेट्रोलची घेणारास ती मंद वाटली, आणि दोन यंत्रांचें ओझें वाहणें व दोन यंत्रांची दुरुस्ती करणें हें दोघांसहि नको झालें. दुहेरी गाडीच्या मागें लागलेला हा दोष आजहि पुरता सुटलेला नाहीं, असें आमचें मत आहे.

परंतु परदेशच्या कथांवरून आपल्या दारचा निर्णय करणें बरें नव्हे. आमच्याकडचा अनुभव काय सांगतो? मुंबईची घोड्यांची ट्राम १८७४ ची. तिला वीज लागली १९०७ सालीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी सुरू झाली, आणि १९३० पासून 'डेक्कन क्वीन' विजेवरच घाट चढूं लागली. म्हणजे विजेच्या वाहनाशीं महाराष्ट्राची ओळख पेट्रोलच्या मोटारीइतकीच जुनी आणि पुष्कळ अधिक सार्वजनिक आहे. मात्र हीं सर्व वाहनें तारेखालीं चालणारीं होतीं. तार जेथें संपली तेथें वाहन संपलें. १९६४ सालीं मुंबईची ट्राम बंद झाली. १९६२ सालीं सुरू झालेली तारेवरची ट्रॉलीबस १९७१ सालीं संपली. त्यांची जागा डिझेलच्या बसनें घेतली, कारण तिला तारेची गरज नव्हती, ती वाटेल त्या गल्लींत वळूं शकत होती. सामान्य माणसाला गतीपेक्षां वळण्याचें स्वातंत्र्य अधिक मोलाचें वाटतें, हें मोटार विकणारांना इतिहासकारांच्या आधीं कळलेलें असतें.

दोन इंधनांवर चालणें हेंहि आपल्याला नवीन नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून पेट्रोलचें नियंत्रण सुरू झालें, तेव्हां मोटारींच्या मागें पिंपासारखी भट्टी बसवून कोळशाच्या वायूवर गाड्या चालवीत. पुष्कळ गाड्यांत आरंभीं थोडें पेट्रोल देऊन इंजिन चालू करावें लागे व मग वायूवर जावें लागे. आमचे वडील त्यांच्या लहानपणच्या अशा एका गाडीचें वर्णन करीत: चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरावयाचें, आणि क्लीनरनें भट्टी ढवळावयाची. युद्ध संपून पेट्रोल मुबलक होतांच त्या भट्ट्या भंगारांत गेल्या. पुढें मुंबईच्या टॅक्सींत पेट्रोलबरोबर सी.एन.जी. आला, तो मात्र टिकला, कारण तो खरोखरच स्वस्त होता आणि त्याचे पंप वाढत गेले. युक्ति दोन्ही ठिकाणीं एकच. एक टिकली, दुसरी गेली.

याहूनहि अधिक बोधक उदाहरण रेल्वेचें आहे. मुंबईच्या बाजूस १,५०० व्होल्टांची एकदिश वीज आणि देशांत अन्यत्र २५,००० व्होल्टांची उलटसुलट वीज, अशी दोन राज्यें अनेक वर्षें शेजारीं नांदलीं. इगतपुरीस गाडीचें इंजिन बदलावें लागे, आणि मनमाडकडून मुंबईस गेलेल्या आमच्या पिढीच्या प्रत्येक माणसास तो थांबा व तेथला वडा आठवत असेल. या अडचणीवर रेल्वेनें दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारीं दुहेरी इंजिनें काढलीं. पश्चिम रेल्वेवर तीं १९७० नंतरच्या दशकांत आलीं आणि त्यांनीं पिढीभर उत्तम सेवा केली. पुढें मुंबईची जुनी वीजच बदलली. २०१६ पर्यंत तें काम उरकलें, आणि दुहेरी इंजिनाचें प्रयोजनच उरलें नाहीं. हीं इंजिनें चूक होतीं काय? मुळींच नाहीं. स्थित्यंतर चाळीस वर्षें चाललें आणि इंजिनाचें आयुष्यहि तेवढेंच होतें; हिशेब बरोबर बसला. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें मर्म आम्हांस येथें सांपडलें. स्थित्यंतर किती वर्षें चालणार आणि आपण घेतलेली वस्तु किती वर्षें टिकणार, या दोन आंकड्यांची सांगड घातल्याखेरीज दुहेरी वस्तु शहाणपणाची कीं खुळेपणाची हें सांगतां येत नाहीं. घरची मोटार बारा ते पंधरा वर्षें वापरली जाते. तेवढ्या काळांत पुणें, नाशिक आणि नगर या रस्त्यांवर वीज भरण्याची सोय आजच्यासारखीच तुरळक राहील काय?

या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्ही अति आशावादी होणार नाहीं, कारण आम्हीं स्वतः चटका खाल्ला आहे. गेल्या उन्हाळ्यांत एका सहकाऱ्यांच्या विजेच्या गाडींतून पुण्याहून परत येत असतां वाटेंतील एका हॉटेलच्या आवारांतील चार्जरपाशीं थांबलों. पडदा उजळला, फोनमधून पैसे गेले, पण गाडींत वीज कांहीं जाईना. दिलेल्या क्रमांकावर फोन केला तर "आपला कॉल आमच्यासाठीं महत्त्वाचा आहे" हें वाक्य आम्हीं पाऊण तास ऐकलें. शेवटीं बारा किलोमीटर पुढच्या दुसऱ्या चार्जरवर काम झालें. घरीं पोहोंचण्यास तीन तास उशीर झाला. हृदयविकाराची वृद्ध रोगी बरोबर असती तर तो विनोदाचा विषय झाला नसता.

मातुःश्रींचा आक्षेप याहून मूलभूत होता. त्या आम्हांस म्हणाल्या, "अहो सर, वीज गेली म्हणजे काय करायचं? भारनियमन विसरलात वाटतं." विसरलों नाहीं. २००५ नंतरचीं तीं वर्षें, परीक्षेच्या उत्तरपत्रिका मेणबत्तीवर तपासलेल्या आम्हांस चांगल्या आठवतात. पण त्या काळांतहि चोवीस तासांत कांहीं तास वीज असेच, आणि गाडीची बॅटरी म्हणजे साठवण होय. तिला रात्रींतून सहा-आठ तास मिळाले म्हणजे पुरे. उलट, पेट्रोल परदेशांतून येतें आणि आखातांत तोफ उडाली कीं त्याचा भाव चढतो, हें १९७३ पासून आपण पाहत आलों आहों.

येथें एक स्थानिक मुद्दा मध्येंच येतो, आणि श्रीरामपूरकर म्हणून आम्हांस तो टाळतां येत नाहीं. आमचें गांव १८७८ च्या दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्टेशनाभोंवतीं वाढलें आणि उसानें मोठें झालें. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना, १९३३ पासूनचें टिळकनगर, आणि शेजारीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं उभा केलेला सहकारी कारखाना, हा सारा इतिहास मळीच्या वासासकट आमच्या अंगवळणीं पडलेला आहे. मळीपासून मद्यार्क होतो आणि मद्यार्कावर मोटार चालते. हिंदुस्थान सरकारनें पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचा कायदा १९४८ सालींच केला होता. प्रत्यक्ष मिसळण २००३ पासून रुजूं लागली आणि २०२५ पर्यंत ती शेंकडा २० वर गेली. २०२३ च्या ऑगस्टांत दिल्लीस इथेनॉल आणि बॅटरी या दोहोंवर चालणाऱ्या एका टोयोटा गाडीचा नमुनाहि दाखविला गेला. आमचे एक ऊसबागायतदार मित्र म्हणूनच दुहेरी गाडीचे कट्टर पक्षपाती आहेत: "आपल्या शेतांतलं इंधन सोडून कोळशाची वीज कशाला जाळायची?"

युक्तिवाद गोड आहे. पण ऊस पाण्यावर उगवतो. आमचें पाणी प्रवरेचें, १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांतून कालव्यानें येणारें, आणि त्यावर हक्क सांगणारे वाढतच आहेत. २०२३ सालीं पाऊस कमी होतांच सरकारनें डिसेंबरांत उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलें, तें पुढच्या हंगामासाठीं उठलें. साखर, दारू आणि मोटार या तिघांत ऊस वांटून देतांना दुष्काळांत प्रथम मोटारीचा वांटा कापला जाणार, आणि तसा तो जावाहि. शिवाय आजची वीज बहुतांशीं कोळशाची असली तरी घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटांचीं सौर तावदानें बसविलीं तर दिवसाला सरासरी बारा युनिटें निघतात. त्यांवर गाडी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जाते. गच्चीवर ऊस लावतां येत नाहीं.

आतां दुहेरी गाडीची आजची स्थिति. हिचा नवा अवतार जपानांत १९९७ च्या डिसेंबरांत 'प्रिअस'च्या रूपानें झाला. ती भिंतींतल्या विजेवर भरत नसे. भिंतीवर भरणारी दुहेरी गाडी प्रथम मोठ्या प्रमाणावर चीनच्या बी.वाय.डी. कंपनीनें २००८ सालीं काढली. युरोपांत ती चांगलीच खपली, पण तेथें एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. २०२४ सालीं युरोपीय आयोगानें गाड्यांतच नोंदलेल्या आंकड्यांवरून असें प्रसिद्ध केलें कीं, या गाड्यांचें रस्त्यावरील प्रदूषण प्रयोगशाळेंतील आंकड्यांच्या सुमारें साडेतीनपट आहे. कारण लोक त्या भिंतीला लावीतच नाहींत. आम्हीं स्नेह्यांच्या बंधूंस फोनवर विचारलें, "तुम्ही किती वेळां लावतां?" ते हंसले. गाडी कंपनीनें दिलेली, पेट्रोलहि कंपनीचें. विजेची तार डिकींत अजून वेष्टनांतच होती! सल्ला देणाऱ्याचा हा खुलासा ऐकून त्या घरांतील वादाचा निम्मा जोर गेला.

उरलेला निम्मा बाजारानेंच घालविला. आपल्याकडे भिंतीवर भरणाऱ्या दुहेरी गाड्या आल्या त्या मुख्यतः श्रीमंतांच्या. २०१६ सालीं आलेली व्होल्व्होची अशी गाडी कोटीच्या घरांतली होती. मध्यम घराला मिळते ती २०२२ पासूनची दुसऱ्या जातीची दुहेरी गाडी, जी स्वतःच्या इंजिनावर आणि ब्रेकच्या वेळीं वांचविलेल्या शक्तीवर छोटी बॅटरी भरते. ती काटकसरी आहे, गुणी आहे. पण तिचें सारें अन्न शेवटीं पेट्रोलच. त्यांत २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीवर शेंकडा ५ आणि मोठ्या दुहेरी गाडीवर शेंकडा ४० जी.एस.टी. अशी व्यवस्था झाली. ती न्याय्य आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पेट्रोल वांचविणाऱ्या यंत्रास पेट्रोल पिणाऱ्या यंत्राच्याच पंक्तीस बसविणें आम्हांस पटत नाहीं. परंतु गिऱ्हाइकास न्यायाची किंमत मोजावयाची नसून गाडीची मोजावयाची असते.

विजेच्या बाजूनें इकडची प्रगति थोडक्यांत सांगतां येईल. १९९३ ची केरळांतील 'लव्हबर्ड', २००१ ची बंगळूरची 'रेवा', हे प्रयत्न शिशाच्या बॅटऱ्यांमुळें शहराबाहेर पडूं शकले नाहींत. २०२० च्या जानेवारींत टाटांची विजेची 'नेक्सॉन' आली; तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची. ती तयार होते रांजणगांवास, म्हणजे आमचे स्नेही दर महिन्यास ज्या रस्त्यानें मातुःश्रींस पुण्याला नेतात त्याच रस्त्यावर. पांच वर्षांत महिंद्रांनीं चाकणांतून ५९ व ७९, आणि टाटांनीं 'हॅरिअर'मध्यें ६५ व ७५ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्या दिल्या. जाहिरातींतील पांचशें-सहाशें किलोमीटरांवर आम्ही विश्वास ठेवीत नाहीं. पण उन्हाळ्यांत, थंड हवेचें यंत्र चालू ठेवून, ६५ ची बॅटरी साडेतीनशेंच्या आसपास नेते असें वापरणारे सांगतात. श्रीरामपूर ते पुणें सुमारें १८० किलोमीटर. जाणें खात्रीचें, परत येणें कांठावर.

म्हणून आम्हीं स्नेह्यांस त्यांची वही मागितली. हिशेबी माणसाची वही हा इतिहासकाराचा ठेवाच. वर्षांत त्यांची मोटार सुमारें १४,००० किलोमीटर धांवली होती. पण दीडशें किलोमीटरांहून अधिक अशी ती केवळ ३१ दिवस गेली, आणि त्यांपैकीं २४ दिवस पुण्याला जाण्या-येण्याचे. उरलेल्या ३३४ दिवसांची सरासरी पंचवीस किलोमीटर देखील नव्हती. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर असतां दुहेरी गाडीस वर्षाला सातशें लिटर तरी लागतें. विजेच्या गाडीस एकवीस-बावीसशें युनिटें. ३३४ दिवस निर्विवाद विजेचे होते. प्रश्न काय तो त्या २४ दिवसांचा, आणि सारा जीव त्याच २४ दिवसांत होता.

वहिनींनीं मध्येंच विचारलें, "पुण्याला आपण त्याच दिवशीं परत येतों का हो?" येत नाहींत. मुलीच्या बिऱ्हाडीं रात्रीं मुक्काम असतो. त्या इमारतीच्या तळमजल्यावर वीज भरण्याची सोय करूं द्यावयास सोसायटी तयार आहे कीं नाहीं, एवढाच मग प्रश्न राहिला. मुलीनें चिटणिसांस अर्ज दिला. त्यांनीं दोन सभा घेऊन, स्वतंत्र मीटर बसविण्याच्या अटीवर, होकार दिला. एस.टी.नें 'शिवाई' ज्या रस्त्यावर प्रथम घातली त्याच्या दोन्ही टोकांस वीज होती. आमच्या स्नेह्यांनींहि तेंच केलें.

गाडी विजेची घेण्याचें ठरलें. मातुःश्रींनीं एक अट घातली: जुनी मोटार वर्षभर विकावयाची नाहीं. ती अट मान्य झाली, आणि गॅरेजांत दोन गाड्या मावत नाहींत म्हणून जुनी लिंबाखालीं उभी राहणार आहे. वायरमननें येऊन घर पाहिलें. मीटरपासून नवी जाड तार, स्वतंत्र अर्थिंग आणि वीज कंपनीकडे भार वाढवून मागण्याचा अर्ज, अशीं तीन कामें त्यानें लिहून दिलीं. अर्थिंगचा खड्डा गुरुवारीं खणणार आहेत.